तलवारबाजीचे पत्ते: चार-पाच भिडू एकदम भिडतात तेव्हा

दश्शीगुलाम

पत्त्यांत तलवारबाजी आणणारे खेळ बरेच आहेत आणि दोघांच्या झुंजीसाठी त्यांतले काही फारच सुरेख आहेत. पण तिसरा भिडू आला की बहुतेकांचा दम जातो. एक तर आपली पाळी येईपर्यंत नुसतं बसून राहावं लागतं, नाहीतर दोघं मिळून तिसऱ्याला झोडपतात आणि तो डाव रंगायच्या आतच बाहेर. चार-पाच जणांच्या हातात एकाच वेळी तलवार आहे असं वाटेल, डाव झटपट आटपेल आणि तरी डोकं लावावं लागेल, असा खेळ कसा असावा यावर सविस्तर बोलू या.

दोघांच्या खेळांत माझ्या मते सगळ्यांत देखणा म्हणजे राइनर क्निझियाचा 'आँ गार्द' (१९९३). सामग्री अगदी थोडी: १ ते ५ आकड्यांची प्रत्येकी पाच अशी २५ पानं आणि २३ घरांची एक पट्टी. हातात पाच पानं. पान टाकून तेवढी घरं पुढे जायचं किंवा मागे सरायचं. समोरच्याशी असलेलं अंतर आपल्या पानाच्या आकड्याएवढं भरलं की वार. एकाच आकड्याची दोन पानं टाकून वार केला तर अडवणाऱ्यालाही त्याच आकड्याची दोन पानं काढावी लागतात.

ना हत्यारांची यादी, ना ताकदीचे गुण. तरी अंतर चार घरांवर आलं की घशाला कोरड पडते. तीन चौक्या आधीच पडून गेल्यात, एक माझ्या हातात आहे, म्हणजे उरली एकच. ती समोर आहे की गड्डीत? वार करू की एक घर मागे सरू? तलवारबाजी शिकवणारा कुणीही हेच सांगेल की सगळा खेळ अंतराचा आणि वेळेचा आहे. क्निझियाने या दोन्ही गोष्टी एका आकड्यात बसवल्या.

आता हेच अनेकांत कसं आणायचं? माझं म्हणणं असं की वेग हाताच्या चपळाईतून आणायची गरज नाही. वार करणाऱ्याची एक बाजू त्याच क्षणी उघडी पडली पाहिजे आणि ती तिसऱ्या कुणाला तरी साधता आली पाहिजे. हे जमलं तर कुणीच रिकामं बसणार नाही. तुमचे अनुभव लिहा.

हातघाई

मी उलट बाजूने आहे. तलवार म्हणजे हात! पाळ्या लावून, विचार करकरून टाकलेल्या पानांत झुंजीची रग येत नाही. जेम्स अर्नेस्टचा 'ब्रॉल' (१९९९) खेळून बघा. त्यात पाळी हा प्रकारच नाही. दोघंही आपापल्या गड्डीतून पानं उचलत राहतात आणि जमेल तितक्या वेगाने मांडत राहतात. डाव मिनिटभरात संपतो आणि संपल्यावर दोघंही धापा टाकत असतात. तो तलवारींचा खेळ नाही, मारामारीचा आहे, पण हवी ती घाई त्यात आहे. साध्या गड्डीवर 'स्पिट' किंवा 'स्पीड' खेळलेल्यांनाही ही झिंग माहीत असेल.

अनेकांसाठी हेच करा. मधोमध गड्डी, सगळे एकदम सुरू, ज्याचं पान आधी पडलं त्याचा वार लागला.

सेबरवाली

मी बरीच वर्षं सेबर खेळते (तलवारबाजीचे तीन प्रकार: सेबर, एपे आणि फॉइल), म्हणून हातघाईंच्या मुद्द्यावर थोडं लिहिते.

"आधी कुणाचं पडलं" हे डोळ्यांनी ठरवणं माणसाला जमत नाही, म्हणून तर तलवारबाजीत वार लागल्याची नोंद करणारं विजेचं यंत्र आलं. ऑलिंपिकमध्ये एपेसाठी ते १९३६ पासून आहे. एपेमध्ये दोघांचे वार साधारण ४० मिलिसेकंदांच्या आत लागले तर दोघांनाही गुण मिळतो. सेबर आणि फॉइलमध्ये तर निव्वळ आधी लागणं पुरतही नाही, कारण हल्ल्याचा हक्क कुणाकडे होता हे पंच ठरवतो. पत्त्यांच्या डावात ना यंत्र ना पंच. तिघांचे तळवे एकावर एक पडले की उरतो तो वाद. वर पानं दुमडतात आणि नखं लागतात ती वेगळीच.

दुसरं म्हणजे, डोळ्याला दिसून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो, आणि पर्याय वाढले की हा वेळही वाढतो. विल्यम हिकने १९५२ साली हे मोजून दाखवलं. पर्याय दुप्पट झाले की वेळात दर खेपेला साधारण सारखीच भर पडते. म्हणजे झटपट खेळ हवा असेल तर हालचालींचे प्रकार थोडेच हवेत. बचावाच्या आठ जागा आणि दहा प्रकारचे वार पानांवर छापले की माणूस पानं वाचत बसतो.

मग किती प्रकार पुरेत? आमच्याकडे डावपेच शिकवताना चारांचं एक चक्र काढून दाखवतात. सरळ वाराला अडवून पलटवार भारी. अडवणाऱ्याला हूल भारी, कारण तो हुलीला अडवायला जातो आणि वार दुसरीकडून येतो. हूल देणाऱ्याला मधेच खुपसणं भारी, कारण हूल देताना वेळ जातो. आणि मधेच खुपसणाऱ्याला सरळ वार भारी. चारच गोष्टी, आणि प्रत्येकीला कुणीतरी वरचढ. पत्त्यांतही रंग चारच असतात, तेव्हा याचा विचार करा.

कोपऱ्यातला भिडू

चर्चा आवडली. अनेकांच्या खेळात माझा मुख्य आक्षेप बाद होण्याला आहे. बाद झालेला माणूस पुढचा अर्धा तास इतरांचे चेहरे बघत बसतो. 'बँग!' या पत्त्यांच्या खेळात (२००२) हेच होतं. तो करणाऱ्या एमिलियानो श्चारा यांनीच २०१२ साली 'सामुराय सोर्ड' केला आणि तिथे यावर चांगला तोडगा काढला. तीन ते सात भिडू, गुप्त भूमिका. जीव संपला की तुम्ही बाद होत नाही. तुमचा एक मानाचा गुण मारणाऱ्याकडे जातो आणि तुमची पाळी येईपर्यंत तुम्ही निरुपद्रवी ठरता, तोवर कुणी तुमच्यावर वार करू शकत नाही. कुणाचाही शेवटचा मानाचा गुण गेला की डाव सगळ्यांसाठीच संपतो. आणखी एक युक्ती अशी की अंतर बसण्याच्या जागांवरून मोजतात आणि मधला भिडू निरुपद्रवी असेल तर त्याला मोजत नाहीत. म्हणजे एक जण पडला की पलीकडचा अचानक जवळ येतो. हे मला फार आवडतं.

पण तो पाळीचा खेळ आहे. सात जण असतील तर पाळी यायला वेळ लागतोच.

तिघांच्या झुंजीबद्दल गेम थिअरीत एक प्रसिद्ध कोडं आहे. नेमबाज तिघं, एकाचा नेम पक्का, दुसऱ्याचा बरा, तिसऱ्याचा कच्चा, आणि पहिली गोळी कच्च्याची. त्याचा फायदा कशात? हवेत गोळी झाडण्यात. कारण उरलेले दोघं आधी एकमेकांकडे वळतात. बहुतेक बहुभिडू खेळांचं दुखणं इथेच आहे: गप्प बसणाऱ्याचा फायदा. दश्शीगुलाम, तुमच्या खेळात गप्प बसणाऱ्याला किंमत मोजावी लागली नाही तर सगळे गप्पच बसतील.

दश्शीगुलाम

सेबरवाली, तुमचं चक्र वाचून कच्चा आराखडा मांडतोय. साधी ५२ पानांची गड्डी, जोकर काढून. भिडू तीन ते सहा.

इस्पिक म्हणजे सरळ वार. बदाम म्हणजे अडवून पलटवार. किलवर म्हणजे हूल देऊन वार. चौकट म्हणजे मधेच खुपसणं. इस्पिकला बदाम भारी, बदामला किलवर, किलवरला चौकट आणि चौकटला परत इस्पिक.

प्रत्येकाला पाच पानं वाटायची. सगळ्यांनी एकाच वेळी एक पान पालथं ठेवायचं आणि पानाची अरुंद बाजू ज्याच्याकडे वळवली तो आपलं लक्ष्य. मग सगळी पानं एकदम उलटायची.

आधी समोरासमोरच्या जोड्या बघायच्या, म्हणजे ज्यांनी एकमेकांकडेच पान वळवलंय ते. तिथे वरचं चक्र लागू. दोघांकडेही वाराची पानं असतील, म्हणजे इस्पिक किंवा किलवर, तर लहान पान आधी लागतं; सारखी असतील तर तलवारी आदळल्या, कुणालाच काही नाही. दोघांकडेही बचावाची पानं असतील तर नुसतेच पवित्रे. हरलेल्याचं पान त्याच वेळी बाद होतं.

मग उरलेले वार लहान पानापासून चढत्या क्रमाने: एक्के, दुऱ्या, तिऱ्या असं पुकारत जायचं. तुमच्याकडे न बघणाऱ्यावर केलेला वार लागतोच, कारण बदाम आणि चौकट फक्त ज्याच्याकडे वळवलेत त्याच्यापुरते चालतात. ज्याला वार लागला त्याचं अजून न पुकारलेलं पान गळून पडतं. एका फेरीत एका भिडूला एकदाच लागतं, म्हणून मागून येणाऱ्याला काही मिळत नाही. एकाच लक्ष्यावर सारख्या आकड्याचे दोन वार आले तर दोन्ही फुकट.

वार लागला की समोरच्याने टाकलेलं पान आपल्यापुढे पालथं ठेवायचं. बाकीची पानं बाजूला. प्रत्येकाने गड्डीतून एक उचलायचं आणि पुढची फेरी. गड्डी संपल्यावर हातातली पानं संपेपर्यंत खेळायचं. चौघांत बरोबर १३ फेऱ्या होतात. पाच जणांत १०, आणि दोन पानं उरतात ती न बघता बाजूला ठेवायची.

कुणी बाद होत नाही. चौघांनी मिळून एकाला धरलं तरी गुण एकालाच मिळतो आणि बाकीच्यांची पाठ उघडी राहते. गप्प बसणाऱ्यालाही, म्हणजे बदाम धरून बसणाऱ्याला, दुसरीकडून मार बसतो.

उतारी

आराखडा आवडला. एकच भोक दिसतंय. लहान पान नेहमीच चांगलं असेल तर राजा-राणी-गुलाम हातात आले की माणूस हिरमुसणार. इतर सगळ्या खेळांत ज्यांच्यासाठी जीव टाकतो तीच पानं इथे ओझं होतील. चित्रांच्या पानाने केलेला वार दोन गुणांचा करा: समोरच्याचं पान घ्यायचं आणि आपलं चित्रही पुढ्यात ठेवायचं. जड तलवार, उशिरा पोचते, पण पोचली तर चांगलीच लागते. हे फक्त इस्पिक आणि किलवरला. बदामच्या राजाला दोन गुण दिले तर त्याला उशिराची झळच लागत नाही, सगळे बचावालाच बसतील.

पिसणारा

+१. दोन गुणांचा नियम हवाच.

मांडणीबद्दल सांगतो. अरुंद बाजू वळवायची म्हटलं तरी सहा जण गोल बसले की शेजारचा आणि त्याच्या पलीकडचा यांत गल्लत होते. पान आपल्यासमोर न ठेवता हात लांबवून लक्ष्याच्या दिशेने वीतभर पुढे सरकवायचं, म्हणजे शंका राहत नाही. आणि आकडे मोजून सगळ्यांनी एकदम ठेवायचं असेल तर एक जण नेहमी अर्धा क्षण रेंगाळतो, इतरांच्या मनगटांकडे बघतो आणि मग पान वळवतो. त्यावर उपाय म्हणजे आधी पान छातीशी उभं धरायचं, "तलवार" म्हटलं की ठेवायचं, आणि ठेवल्यावर हात काढून घ्यायचा. टेबलावर टेकलेलं पान पुन्हा फिरवायचं नाही. एवढं पाळलं की फेरी झपाट्याने होते.

सेबरवाली

आराखड्यात वेळ आली, पण अंतर राहिलं. इंग्लंडचा तलवारबाज जॉर्ज सिल्व्हर याने १५९९ सालीच लिहून ठेवलंय की हाताची हालचाल सगळ्यांत जलद, अंगाची त्याहून सावकाश आणि पावलाची त्याहूनही. ज्याच्यावर वार करायला पाऊल टाकावं लागतं, त्याच्यापर्यंत तलवार उशिराच पोचते. हे तुमच्या आकड्यांत सहज बसेल. लगतच्या शेजाऱ्यावर कुठल्याही पानाने वार करा. पलीकडच्यावर करायचा तर छक्की किंवा त्याहून मोठं पान हवं. लहान पान तिथवर पोचतच नाही. बचावाच्या पानांना ही अट नको, बघायला पाऊल लागत नाही.

तिघांत सगळेच शेजारी, म्हणून तिथे हा नियम आपोआप गळतो. चौघांत समोरचा लांब होतो. पाच-सहा जणांत खरी मजा.

आणि मागे सरणं? तलवारबाजीत अर्धा वेळ माणूस मागे सरतच असतो. पान स्वतःकडे वळवलं तर मागे सरलात असं धरा. मग तुमच्यावर छक्कीच्या खालचं काहीच पोचत नाही. तुमचं पान मात्र वाया. लागोपाठ दोन फेऱ्या मागे सरायचं नाही, नाहीतर कोपऱ्यातला भिडू म्हणतात तसं सगळे लांब जाऊन उभे राहतील.

दश्शीगुलाम

उतारी, सेबरवाली, दोघींचेही नियम जसेच्या तसे घेतले. मागे सरण्याने हातात नको असलेलं पान काढायचीही सोय झाली.

हातघाई

चौघांनी बसून खेळलो. लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एक फेरी सांगतो. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असे बसलोय असं धरा. उत्तरने पूर्वेवर इस्पिकची पंजी टाकली. पूर्व नेमका उत्तरेकडेच बघत होता, बदामची नव्वी घेऊन. अडवला, पलटवार, पूर्वेला गुण. पण त्याच वेळी दक्षिणेने पूर्वेच्या उघड्या बाजूवर किलवरची तिरी घातली होती. पुकारणं सुरू झालं. एक्के नाहीत, दुऱ्या नाहीत, तिरी! पूर्वेला लागली. दक्षिण हसत पान उचलायला गेला, तोवर पुकारणं पुढे सरकत होतं आणि पश्चिमेने दक्षिणेवर ठेवलेली इस्पिकची राणी उजाडली. दक्षिण पूर्वेकडे बघत होता, पश्चिमेची बाजू सताड उघडी. दोन गुण. आणि पश्चिमेला मात्र त्या फेरीत ओरखडाही नाही.

चौघंही एकदम ओरडत होतो, आणि कुणाचा हात कुणाच्या हातावर आपटला नाही. वेग पुकारण्यात आहे. एक्क्यापासून वर जाताना "याच्या आधी कुणी मला गाठलं तर माझं पान गेलं" हे प्रत्येकाला कळत असतं, म्हणून दर आकड्याला श्वास अडकतो. मी इथे चपळाईचा आग्रह धरला होता. असा ताण मिळणार असेल तर मला हाताची घाई नकोच.

एक सुचवतो: पुकारण्याचं काम फेरीगणिक डावीकडे सरकवा. पुकारणारा संथ असला की रंग उतरतो.

कोपऱ्यातला भिडू

आम्ही तिघांत खेळलो. तिघांत दोघं तिसऱ्याला धरतात ही माझी भीती इथे खरी ठरली नाही. ज्याच्यावर दोघंही वळलेत त्याच्याकडून एकालाच गुण मिळतो. तो त्या दोघांपैकी एकाकडे बघत असतोच, तेव्हा वार फसायची शक्यताही त्या एकालाच. मग दोघांत चढाओढ लागते की याच्यावर आज कोण जाणार, आणि त्या गडबडीत दुसऱ्याच फेरीला ते एकमेकांकडे वळतात.

पुढे असलेल्याला सगळ्यांनी धरणं मात्र थोडं होतं. गुणांची पानं पालथी असली तरी ढीग दिसतो. आम्ही ती एकावर एक न रचता मांडीखाली ठेवायला लागलो. शेवटच्या पाच फेऱ्यांत कुणाचे किती याचा नुसता अंदाज उरतो आणि प्रत्येक जण आपणच मागे आहोत असं समजून भिडतो.

उतारी

त्या शेवटच्या पाच फेऱ्यांबद्दल. तिथून गड्डी संपलेली असते, म्हणजे नवीन पान येणार नाही. उलटलेली पानं सगळ्यांनी बघितलेली आहेत, तेव्हा ज्याने रंग मोजलेत त्याला इथे फार फायदा आहे. एका डावात माझ्या लक्षात होतं की तेराही बदाम पडून गेलेत. म्हणजे आता कुणाच्याही हातात अडवायला काही नाही. माझ्याकडे इस्पिकचा राजा होता आणि शेजारीण माझ्याकडेच बघणार याची खात्री होती. तिच्याकडे लहान वार नसेल तर तिने चौकट टाकली काय आणि मागे सरली काय, राजा पोचणारच होता.

दश्शीगुलामांनी पहिल्यांदा लिहिलेल्या चौक्यांच्या हिशेबाचा आनंद इथे चौघांत मिळाला. फक्त शेवटच्या पाच फेऱ्यांत लागोपाठ मागे सरायची बंदी आणखी कडक करा आणि एकदाही सरता येऊ नये असं ठेवा. नाहीतर हिशेब बरोबर असूनही समोरचा छक्कीखालच्या पानांपासून निसटतो.

पिसणारा

उतारी, पूर्ण बंदी नको असं मला वाटतं. शेवटी हातात नुसते बदाम-चौकट उरलेल्याला तेवढाच आधार असतो. पाच फेऱ्यांत एकदा सरू द्या, आणि सरणाऱ्याने ते पान उघडं ठेवावं, म्हणजे पुढचा हिशेब सगळ्यांना करता येईल.

दश्शीगुलाम

पिसणारांचा पर्याय पटतोय: शेवटच्या पाचांत एकदाच, आणि उघड्या पानाने. सहा जणांत कुणी खेळून बघितलं तर लिहा. तिथे आठच फेऱ्या होतात, त्यातल्या तीनच गड्डी शिल्लक असतानाच्या. सहासाठी चार-चारच पानं वाटावीत का, असं डोक्यात घोळतंय.